‘एकटं राहिल्यास मृत्यूचा धोका ३२ टक्के जास्त’ म्हणजे नेमकं काय?

आडवाट

लग्न झालेली माणसं जास्त जगतात आणि एकटं राहणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त असतो, ही दोन वाक्यं आरोग्यावरच्या लेखांत हमखास जोडीने येतात. पुढे सल्ला काय, तर ‘लोकांत मिसळा’. एवढ्यावर भागत नाही, म्हणून जाणकारांना विचारतो:

१. हा ३२ चा आकडा कुठला आणि तो वाचायचा कसा?
२. लग्नामुळे तब्येत टिकते, की धडधाकट माणसांचीच लग्नं होतात आणि टिकतात?
३. घरात सतत धुसफुस असेल तर लग्नाचा फायदा उरतो का?
४. एखाद्याला एकटंच राहायचंय किंवा राहावं लागतंय. त्याने घरात आणि दिनक्रमात नेमके कोणते बदल करायचे?

कोष्टक

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

३२ चा आकडा होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या एकत्रित विश्लेषणातला आहे. त्यांनी ७० अभ्यास एकत्र केले आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: माणसांशी संबंधच कमी असणं, एकटेपणा जाणवणं आणि घरात एकटं राहणं. इतर घटक हिशेबात धरल्यावर मृत्यूची शक्यता अनुक्रमे २९, २६ आणि ३२ टक्क्यांनी जास्त निघाली. लेखांमध्ये या तिन्हींची सरमिसळ होते. घरात एकटं राहणाऱ्याचा गोतावळा मोठा असू शकतो आणि भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो.

आता वाचायचं कसं. ही वाढ साध्या टक्केवारीतली नाही, मेलेले भागिले जगलेले या गुणोत्तरातली आहे. मृत्यू विरळ असतील तेव्हा फरक जाणवत नाही. समजा, एखाद्या वयोगटात वर्षाला हजारात १० जण दगावतात. ३२ टक्के वाढ धरली की १३ होतात. पण अभ्यास लांबला आणि शंभरातले ४० दगावले, तर ४० भागिले ६० म्हणजे ०.६७. त्याला १.३२ ने गुणलं की ०.८८, आणि त्याची परत टक्केवारी केली की शंभरात ४७. म्हणजे ४० चे ४७ झाले, वाढ १७ टक्क्यांची. बातमीत मात्र ‘३२ टक्के जास्त मृत्यू’ असंच छापलं जातं. कुठलीही सापेक्ष वाढ वाचली की ‘किती जणांतले किती?’ हे आधी विचारा.

त्याच विश्लेषणातली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तीच लेखांतून गळते. ज्या अभ्यासांत सहभागींचं सरासरी वय ६५ पेक्षा कमी होतं, तिथे हा संबंध जास्त ठळक दिसला. उलट वाटतं ना? एक कारण असं संभवतं: ऐंशीच्या पुढे एकटं राहायला मुळात अंगात ताकद लागते. ज्यांना झेपत नाही ते नातेवाइकांकडे किंवा वृद्धाश्रमात गेलेले असतात. म्हणजे त्या वयात ‘एकटं राहणारे’ हा गट निवडून निवडून उरलेल्या काटक माणसांचा होतो आणि धोका आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. हा वाद फार जुना आहे. विल्यम फार या इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञाने १८५८ मध्ये फ्रान्समधल्या मृत्यूंची विवाहित, अविवाहित आणि विधवा-विधुर अशी विभागणी केली. विवाहितांचा मृत्युदर एकंदरीत कमी निघाला. पण त्याच कोष्टकांत विशीच्या आत लग्न झालेल्यांचा मृत्युदर जास्त होता, हे सांगायला लोक विसरतात. पुढे हू आणि गोल्डमन यांनी १९९० मध्ये १६ विकसित देशांची आकडेवारी तपासली. तिथे घटस्फोटितांचा, त्यातही पुरुषांचा मृत्युदर सर्वांत जास्त होता आणि निष्कर्ष असा होता की निवड आणि परिणाम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

निवड म्हणजे काय, तर दीर्घ आजार, व्यसन, बेकारी यांमुळे लग्न जुळत नाही किंवा मोडतं. तो माणूस पुढे लवकर गेला तर दोष अविवाहितपणाच्या खात्यावर पडतो, खरं कारण आधीचं असतं.

असा एखादा अभ्यास हाती आला तर मी पहिल्यांदा वैवाहिक स्थिती कधी नोंदली ते बघतो. सुरुवातीला एकदाच नोंदली असेल आणि अभ्यास २० वर्षं चालला असेल, तर मधल्या काळात विधुर झालेले ‘विवाहित’ म्हणूनच मोजले गेलेले असतात. मग पहिल्या दोन-चार वर्षांतले मृत्यू वगळून हिशेब पुन्हा केलाय का ते पाहतो, कारण आधीच आजारी असलेले त्याच वर्षांत जातात. वय तर सोडूच नये: विधवा-विधुर सरासरीने वयस्कर असतात, त्यामुळे वयोगटवार तुलना नसेल तर तो आकडा बाजूला ठेवावा. आणखी एक खाचखळगा म्हणजे मृत्यूची नोंद एका दप्तरातून आणि लोकसंख्या दुसऱ्यातून घेणं. विभक्त राहणारा माणूस जनगणनेत स्वतःला ‘विवाहित’ सांगतो आणि मृत्यूनंतर नातेवाईक ‘घटस्फोटित’ लिहितात. अंश एका गटात, छेद दुसऱ्या गटात.

आडवाट

लग्न न करता एकत्र राहणारे यात कुठे बसतात?

कोष्टक

जुन्या आकडेवारीत ते बहुतेक वेळा ‘अविवाहित’ या रकान्यात जातात, म्हणून त्या रकान्यावर फार भिस्त ठेवू नये. फ्रिश आणि सिमोन्सन यांचा डेन्मार्कमधला २०१३ चा अभ्यास याला चांगला उतारा आहे: १९८२ ते २०११ या काळातली ६५ लाख माणसं, आणि ‘कायद्याने स्थिती काय’ व ‘घरात प्रत्यक्ष कोण राहतं’ हे दोन्ही स्वतंत्र नोंदलेलं. दोन्ही गोष्टींचा मृत्युदराशी संबंध दिसला. कागदावर विवाहित पण राहायला वेगळे, अशांना विवाहितांत ढकललं की चित्र बिघडतं, हे त्यातून समजतं.

सावली

तिसऱ्या प्रश्नावर. धुसफुशीचा परिणाम शरीरावर मोजता येतो आणि तो मोजलेलाही आहे.

किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने २००५ मध्ये ४२ जोडप्यांवर केलेला प्रयोग बघा. हातावर शोषण-यंत्राने छोटे फोड आणून ठरावीक आकाराच्या जखमा केल्या. एका खेपेला जोडप्याला एकमेकांना आधार देणारं बोलायला लावलं, दुसऱ्या खेपेला मतभेदाच्या विषयावर. जखम किती भरली ते रोज तपासलं. भांडणाच्या खेपेला जखमा सावकाश भरल्या. आणि ज्या जोडप्यांच्या बोलण्यात शत्रुत्वच जास्त होतं, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. जखम तीच, मलमपट्टी तीच.

हृदयविकाराबाबत स्टॉकहोममधला २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. हृदयविकाराचा तीव्र त्रास होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांच्या वैवाहिक आयुष्यात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा तसा त्रास होण्याचा धोका सुमारे २.९ पट होता. नोकरीतल्या ताणाचा असा संबंध तिथे दिसला नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासाच्या २००७ मधल्या विश्लेषणात नवऱ्याशी वाद होताना तोंड मिटून गप्प बसणाऱ्या स्त्रियांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका, तसं न करणाऱ्यांच्या चौपट आढळला. चौपट हा आकडा एकाच अभ्यासातला आहे, त्यामुळे तो ब्रह्मवाक्य मानू नये. पण ‘वाद नको म्हणून गिळून टाकते’ याला घरातली शांतता समजणं चूक आहे, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आजारी जोडीदाराची शुश्रूषा हाही याच प्रश्नाचा भाग आहे. शुल्ट्झ आणि बीच यांनी १९९९ मध्ये ६६ ते ९६ वयाच्या लोकांचा चार वर्षं मागोवा घेतला. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांची मानसिक-शारीरिक ओढाताण होत होती, त्यांचा मृत्युदर तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होता. काळजी घेऊनही ओढाताण न जाणवणाऱ्यांत ही वाढ नव्हती. मदतनीस ठेवताना हे ध्यानात धरा: आठवड्याची एक सुट्टी मिळूनही रात्रीची झोप रोज तीनदा मोडत असेल तर ओढाताण तशीच राहते. आधी सलग सहा तास झोपेची सोय लावा. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कोणी उठायचं ठरलं तरी फरक पडतो.

रात्रपाळी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, कारण करण्यासारखं बरंच आहे.

सोबत राहणारं माणूस तब्येतीसाठी नेमकं काय करतं ते आधी सुटं करून बघू. एझर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कर्करोगाच्या ७ लाख ३४ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. विवाहित रुग्णांमध्ये रोग शरीरभर पसरल्यावरच निदान होण्याचं प्रमाण कमी होतं, उपचार पूर्ण मिळण्याचं प्रमाण जास्त होतं आणि मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी होता. यात औषध वेगळं नव्हतं. कोणीतरी ‘हा खोकला महिनाभर झाला, चल दाखवू’ म्हणालं आणि सहाव्या फेरीलाही सोबत गेलं, अशा गोष्टींचा यात मोठा वाटा असावा. ही कामं लग्नाशिवायही करून घेता येतात, फक्त ती ठरवून लावावी लागतात.

रोजची खूण. दिवसातून दोनदा, सकाळी उठल्यावर आणि झोपताना, एका ठरलेल्या माणसाला निरोप. दोनदाच का? पक्षाघाताचं उदाहरण घ्या. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि घड्याळ सुरू होतं ते ‘शेवटचं ठीक कधी होतं’ त्या वेळेपासून. सकाळी ९ ला बोलणं अडखळत असलेला माणूस सापडला आणि त्याला कोणी पाहिलं होतं ते आदल्या संध्याकाळी, तर हिशेब संध्याकाळपासून धरावा लागतो. विशेष स्कॅन करून काहींना उशिराही उपचार देता येतात, पण सगळ्यांना आणि सगळीकडे नाही. तेच सकाळी ७ ला नीट लिहिलेला निरोप फोनमध्ये असेल तर डॉक्टरांच्या हाती दोन तासांपूर्वीची वेळ असते. म्हणून निरोपात नुसता अंगठा न पाठवता एक पूर्ण वाक्य लिहा किंवा बोलून पाठवा. बोलणं, लिहिणं ठीक होतं याची ती नोंद असते.

निरोप आला नाही तर पुढे काय, हे आधीच ठरलेलं हवं. ८ पर्यंत निरोप नाही तर फोन; १५ मिनिटांनी दुसरा; तोही उचलला नाही तर किल्ली घेऊन कोणी जायचं त्याचं नाव. व्यवस्था मोडते ती इथेच: ‘झोप लागली असेल’ म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली जाते.

दार. शेजारी किल्ली ठेवली म्हणजे झालं असं समजतात, पण आतून कडी किंवा साखळी लावली असेल तर त्या किल्लीचा उपयोग शून्य. रात्री बाहेरूनही किल्लीने उघडता येईल असंच कुलूप वापरा. बाथरूमला आतून कडी घालू नका. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगाने ते अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारं करून घ्या. सुताराचं काम आहे, फार मोठं नाही.

पडल्यावर. पडण्याइतकाच घात पडून राहण्याने होतो. एक तासाहून जास्त वेळ जमिनीवर गेला की अंग गार पडतं, शरीर सुकतं, दाबाखालची कातडी मरायला लागते. स्नायू फार वेळ दाबले गेले तर त्यातलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मदतीची घंटा, म्हणजे दाबलं की बाहेरच्याला कळवणारं बटण, गळ्यात घालायची म्हणून घेतली जाते आणि खुंटीला टांगली जाते. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर झालेल्या २००८ च्या अभ्यासात अशी घंटा असूनही पडल्यावर बहुतेकांनी ती वापरली नव्हती. ती पाण्यात चालणारी घ्या आणि आंघोळीतही अंगावर ठेवा. शिवाय एक चार्ज केलेला फोन जमिनीवरून हात पोचेल इतक्या उंचीवर, बिछान्याच्या आणि बाथरूमच्या मधल्या वाटेत ठेवा.

उठण्याची रीत धडधाकट असतानाच, सोबत कोणी असताना शिकून घ्या. आधी मिनिटभर पडून राहून कुठे जबर दुखतंय का पाहा. कंबरेत किंवा खुब्यात कळ असेल तर उठायचा प्रयत्नच नको. नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर भार घ्या, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर या. रांगत जड, न सरकणाऱ्या खुर्चीपाशी जा. दोन्ही तळहात बैठकीवर ठेवा, जो पाय जास्त मजबूत त्याचं पाऊल जमिनीवर सपाट टेका, रेटून उठा आणि वळून बसा. लगेच चालू नका. उठता आलं नाही तर हाताला लागेल ते पांघरा, पायाचे घोटे हलवत राहा आणि जमेल तसं अर्ध्या अर्ध्या तासाने कूस बदला.

कागद. दाराच्या आतल्या बाजूला एकच पान: आजार, औषधांची नावं आणि मात्रा, कशाची ॲलर्जी, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, कोणाला कळवायचं. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची ओळ ठळक लिहा, पक्षाघातात त्यावर उपचाराची दिशा ठरते. औषध बदललं की पान बदला आणि वर तारीख टाका.

दिसत नाहीत ते बदल. सोबतच्या माणसाला पँट सैल झालेली दिसते, आरशात स्वतःला दिसत नाही. महिन्यातून एकदा वजन नोंदवा. प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्के उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांकडे जायचं. हृदय कमजोर असलेल्याने रोज सकाळी लघवी करून आल्यावर, खाण्याआधी वजन करावं. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं, धाप लागायची वाट न पाहता कळवावं.

उष्णतेच्या लाटेत निरोपावर विसंबू नका, प्रत्यक्ष जाऊन बघा. १९९५ च्या जुलैत शिकागोत लाटेने ७०० हून जास्त बळी घेतले, आणि नंतरच्या अभ्यासात एकटं राहणाऱ्यांचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

आडवाट

इतकं सविस्तर कुठे वाचलं नव्हतं. जोडीदार नुकताच गेला असेल तर याच गोष्टी पुरतात की आणखी काही लागतं?

रात्रपाळी

पहिले सहा महिने वेगळे धरायचे. पार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची आकडेवारी मांडली. त्यांतले २१३ जण सहा महिन्यांत गेले, त्याच वयाच्या विवाहित पुरुषांत अपेक्षित असतात त्यापेक्षा ४० टक्के जास्त, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यातही पहिल्या सहा महिन्यांतली वाढ ४१ टक्के आणि त्यानंतरची १४ टक्के निघाली.

या काळात छातीत दुखलं तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून घरी बसू नये. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला ताकोत्सुबो नावाचा विकार आहे. जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा खालून फुगतो, ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो. तो बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. पण तो आहे की खरा झटका, हे लक्षणांवरून सांगता येत नाही. त्यासाठी हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. त्यामुळे झटका समजूनच धाव घ्यायची.

दुसरं म्हणजे गेलेल्या माणसाची कामं. गोळ्यांची डबी कोण भरत होतं, तपासणीची तारीख कोण लक्षात ठेवत होतं, गाडी कोण चालवत होतं, विम्याचा हप्ता कोण भरत होतं? पहिल्या दोन आठवड्यांत यादी करा आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या याच काळात चुकतात, अनेकदा कोणाच्या लक्षातही न येता. जोडीदाराच्या उरलेल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या आणि दुखण्याच्या, घरातून बाहेर काढा. रात्रीचं मद्य वाढतंय का तेही सरळ विचारा, आडून नको.

सावली

यात एक भर. एकटेपणा ‘वाटतो का?’ असं विचारलं की ‘छे, मस्त चाललंय’ हेच उत्तर येतं. त्यासाठी तीन प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी वापरतात: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. ‘क्वचित’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘बऱ्याचदा’ला ३. बेरीज ३ ते ९ येते. एका बेरजेवर निदान करू नका. दर तीन महिन्यांनी तेच तीन प्रश्न विचारून बेरीज चढतेय का ते पाहा.

आडवाट

शेवटचा प्रश्न. ज्याच्यासाठी हे करायचं तोच म्हणाला, ‘रोज हजेरी लावायला मी काय लहान मूल आहे?’ तर?

रात्रपाळी

एकतर्फी ठेवली की ती हजेरीच वाटते. तिघांची साखळी करा: तिघंही एकटे राहणारे, तिघंही निरोप पाठवतात आणि तिघंही वाट पाहतात. एक गावाला गेला तरी दोघं उरतात, आणि ज्याला सांभाळून घेतल्याचा राग येतो त्याच्याकडे दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी असते. निरोपाची वेळ त्यांच्या सवयीची घ्या, आपल्या सोयीची नको. सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात एकदा, दिवस आधी सांगून, पण तास न सांगता, निरोप थांबवून बघा. किती मिनिटांनी पहिला फोन आला, किल्ली हातात कोणाच्या होती, दार खरंच बाहेरून उघडलं का, हे लिहून ठेवा. अशा तपासणीत पहिल्यांदा सापडते ती बहुतेक आतली कडीच.